पेट शॉपमधून पिल्लू घेताय? कोणता कागद कशाचा, ते आधी समजून घ्या

घरात कुत्रं किंवा मांजर आणायचं ठरलं की सगळ्यांचं डोकं जातीत आणि नावात अडकतं. लॅब घ्यायचा की शिह त्झू, त्याला ब्रूनो म्हणायचं की बंड्या. विकणाऱ्याकडे सरकारी नोंदणी आहे का, हे विचारायचं सुचतं ते पिल्लू घरी येऊन उलट्या करायला लागल्यावर.

पुण्यात आमच्या घरी लॅब आणताना मी या कागदांच्या मागे लागलो होतो. तेव्हापासून ओळखीतलं कुणी पिल्लू बघायला निघालं की मला सोबत नेतात. या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. कागद मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. कागद दाखवतात, फक्त तो भलत्याच गोष्टीचा असतो. दुकानाचा गुमास्ता, जीएसटीचं सर्टिफिकेट, केसीआयचे (केनेल क्लबचे) वंशावळीचे पेपर, लसीचं कार्ड. सगळं खरं असतं, पण यातल्या एकाही कागदाने कुत्रा-मांजर विकायची परवानगी मिळत नाही. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. कुठली जात शांत आणि कुठल्या पिल्लाला काय खायला घालावं, हे सांगणारे भरपूर जण भेटतील, ते इथे नाही.

१. आधी कायदा, थोडक्यात

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याखाली केंद्र सरकारने दोन नियमावल्या काढल्या आहेत आणि खरेदीदार म्हणून तुमचा संबंध या दोघींशी येतो.

पहिली मे २०१७ ची, कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री याबद्दलची. तिच्यात ‘ब्रीडर’ची व्याख्या बरीच मोठी आहे. मोठं केनेल चालवणारा तर त्यात येतोच, पण मध्ये राहून पिल्लं इकडून तिकडे पोचवणारा डीलरही येतो. या सगळ्यांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते.

दुसरी सप्टेंबर २०१८ ची, पेट शॉपबद्दलची. ती कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅमस्टर, उंदीर आणि ज्यांच्या व्यापाराला बंदी नाही असे पिंजऱ्यातले पक्षी या सगळ्यांना लागू होते. आठवडी बाजारातली जागा आणि ऑनलाइन विक्रीही ‘पेट शॉप’मध्येच मोडते, त्यामुळे ‘आमचं दुकान नाही हो, आम्ही फक्त इन्स्टावर टाकतो’ ही सबब चालत नाही. दुकानालाही त्याच मंडळाकडे नोंदणी लागते. दोन्हीकडे अर्जाचं शुल्क ५,००० रुपये आहे. एका जातिवंत पिल्लाच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, त्यामुळे ‘परवडत नाही म्हणून नोंदणी केली नाही’ असं कुणी सांगितलं तर गालातल्या गालात हसून पुढच्या दुकानात जावं.

आपल्याकडे दुकानातून कुत्री-मांजरं विकायला बंदी नाही, नोंदणीची सक्ती आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण परदेशातल्या बातम्या वाचून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू तिसऱ्या माणसाकरवी विकता येत नाही. थेट ब्रीडरकडून घ्यायचं किंवा संस्थेतून दत्तक. कॅलिफोर्नियात २०१९ पासून, न्यूयॉर्क राज्यात १५ डिसेंबर २०२४ पासून आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून दुकानातल्या विक्रीवर बंधनं आली आहेत. तुमची बहीण लंडनला असेल आणि ती फोनवर म्हणत असेल की ‘दुकानातून पिल्लू घेणं बेकायदेशीर आहे’, तर ती तिथलं खरं सांगते आहे. इथलं वेगळं आहे.

आता कायद्याची कमजोर बाजू. १९६० च्या कायद्याखालचे नियम मोडले तर शिक्षा जास्तीत जास्त १०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही. शंभर रुपये! एवढ्या दंडाची भीती कोण बाळगणार? विक्रेत्याला खरी भीती दोनच गोष्टींची असते: नोंदणी गेली तर धंदा बंद होण्याची आणि गिऱ्हाईक परत जाण्याची. पहिली सरकारच्या हातात आहे, दुसरी तुमच्या.

२. समोरचा माणूस नेमका कोण आहे, ते ओळखा

पिल्लं साधारण चार प्रकारच्या लोकांकडे मिळतात आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

दुकानदार. याच्याकडे २०१८ च्या नियमाखालची नोंदणी हवी. पिल्लू याच्याकडे जन्मलेलं नसतं, कुणाकडून तरी आलेलं असतं. म्हणून त्याला दोन प्रश्न: तुमची नोंदणी कुठे आहे, आणि पिल्लू ज्याच्याकडून आलं त्याची कुठे आहे?

केनेलवाला ब्रीडर. याच्याकडे २०१७ च्या नियमाखालची नोंदणी हवी. आई याच्याकडे असायलाच हवी.

घरगुती. ‘आमच्या घरचंच लिटर (म्हणजे एका वेताची पिल्लं) आहे, आम्ही काही धंदा करत नाही.’ खरंच एखाद्या घरात चुकून पिल्लं झाली असतील तर ती बहुधा ओळखीपाळखीत जातात, त्यांची जाहिरात करावी लागत नाही. पण घरात दोन माद्या असतील, दर वर्षी पिल्लं होत असतील आणि प्रत्येकाची किंमत ठरलेली असेल, तर तो धंदाच झाला, मग जागा टू-बीएचके असो की शेड.

डीलर. हा सगळ्यात गोड बोलतो. याच्याकडे कधीही कुठल्याही जातीचं पिल्लू असतं. लॅब मागा, आहे. पग मागा, उद्या देतो. पर्शियन मांजर पाहिजे? पंच फेस की डॉल फेस? एकाच फोन नंबरवर दहा जातींचे फोटो दिसले तर समजावं की हा स्वतः काही वाढवत नाही. पिल्लू कुठून आलं हे बरेचदा त्यालाही ठाऊक नसतं.

ग्रामीण भागात कारवानी आणि पश्मी कुत्री हातोहात, ओळखीवर किंवा जत्रेत विकली जातात. तो जुना व्यवहार आहे आणि कागदाचं नाव काढलं तर लोक चमकून बघतात. नियम मात्र त्यांनाही तोच आहे. विक्रीसाठी कुत्री सार्वजनिक जागी मांडून ठेवणंही २०१७ च्या नियमात बसत नाही.

३. प्रमाणपत्र मागा, आणि तेच आहे ना बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असायला हवं. म्हणजे मागायची वेळच यायला नको, पण येते.

मागताना भांडणाच्या सुरात मागू नका. ‘काका, तुमचं प्राणी कल्याण मंडळाचं रजिस्ट्रेशन जरा दाखवता का? आमच्या सोसायटीत विचारतात,’ असं म्हटलं की काम होतं. सोसायटीचं नाव घेतलं की कुणाला राग येत नाही, हा अनुभव आहे.

जे समोर येईल त्यावर हे बघा:

– कागद देणारं कार्यालय राज्य प्राणी कल्याण मंडळ आहे का? महानगरपालिका, शॉप अॅक्ट, केनेल क्लब किंवा एखादी प्राणीप्रेमी संस्था नव्हे.
– नाव आणि पत्ता याच दुकानाचा आहे का? ‘ते आमच्या भावाच्या नावावर आहे, त्याचं दुकान ठाण्याला’ हे चालत नाही.
– मुदत संपलेली नाही ना? ब्रीडरची नोंदणी दोन वर्षांसाठी असते आणि नूतनीकरण करावं लागतं.
– कुठल्या नियमाखालची आहे? माशांच्या किंवा खाद्याच्या दुकानाचे कागद दाखवून कुत्री विकणारेही असतात.

आता नेहमीच्या उत्तरांकडे वळू.

‘अर्ज केला आहे, अजून आलं नाही.’ शक्य आहे, सरकारी कामं रेंगाळतात. मग अर्जाची पोच दाखवा म्हणा. पोचही नसेल तर अर्जही नाही.

‘हे बघा गुमास्ता.’ दुकान उघडण्याचा परवाना तो. त्याच गुमास्त्यावर तुम्ही चपलाही विकू शकता.

‘केसीआय रजिस्टर्ड आहोत.’ केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची खासगी संस्था आहे, ती वंशावळ नोंदवते. या पिल्लाचे आईबाप कोण, एवढंच ते पेपर सांगतात. जातिवंत पिल्लू हवं असेल तर ते उपयोगी आहेत, पण सरकारी नोंदणीची जागा ते घेत नाहीत. विकणारे हे दोन्ही मुद्दाम एकत्र करून बोलतात. ‘पेपरवालं पिल्लू’ म्हणजे कायदेशीर पिल्लू असा समज त्यातूनच पसरला आहे.

कागदाबद्दल शंका असेल तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात विचारता येतं. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यात आहे. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात नोंदणीकृत दुकानांची आणि ब्रीडरांची यादी मागा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, अर्ज ऑनलाइनही करता येतो. पिल्लासाठी महिनाभर थांबायची तयारी नसेल तर हा मार्ग निरुपयोगी आहे, हे मान्य. पण ज्याला महिनाभर थांबता येत नाही, त्याने पंधरा वर्षांसाठी कुत्रं घेऊ नये असं मला वाटतं.

४. आई बघा, वय बघा

नियमाप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र मागणी असते ती पाच आठवड्यांच्या गोंडस गोळ्याला. तेव्हा ते सर्वात सुंदर दिसतं, आणि विकणाऱ्याचा खाण्याचा आणि लसीचा खर्चही वाचतो. ‘लहान घेतलं की लळा लवकर लागतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. लळा आठ आठवड्यांनंतरही तेवढाच लागतो. त्याआधी आईपासून तोडलेल्या पिल्लाला भावंडांशी खेळून शिकायच्या गोष्टी शिकायला मिळत नाहीत, त्यात चावण्याचा जोर आवरणं ही एक. पुढे तुमच्या मुलाच्या पोटरीवर त्याचा हिशोब निघतो.

वय सांगितलेलं खरं मानू नका, तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात जवळपास पूर्ण आलेले असतात. मांजराच्या पिल्लाला २६. पुढचे बारीक दात आहेत पण मागे हिरड्या मोकळ्या आहेत, चालताना मागचे पाय घसरतात, फक्त पातळ सेरेलॅक खातं, तर ते लहान आहे. मांजराच्या पिल्लाचे डोळे अजून पूर्ण निळे असतील तर तेही लहानच असण्याची शक्यता जास्त, कारण साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास रंग बदलायला लागतो. सियामीसारख्या काही जातींचे डोळे मोठेपणीही निळेच राहतात, तो अपवाद.

आता आईकडे या. ब्रीडरकडे गेलात तर आई दाखवाच म्हणा. फोटो नको, व्हिडिओ कॉल नको. आईबद्दल नियम स्पष्ट आहेत: दीड वर्षाच्या आत तिला लावायचं नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाच वेतांपेक्षा जास्त नाहीत, आणि आठ वर्षांनंतर नाहीच. ब्रीडरने याच्या नोंदी ठेवायच्या असतात. तुम्ही रजिस्टर मागितलं तर तो गडबडेल, पण ‘हिचं कितवं लिटर?’ एवढं साधं विचारा. जो माणूस मादीचं नाव, वय आणि वेतांची संख्या न अडखळता सांगतो, त्याच्याकडे पुढचं बोलायला हरकत नाही.

आई आणि पिल्लं एकत्र असताना तिच्या आचळांकडे नजर टाका. दूध पाजणाऱ्या मादीची आचळं सुटलेली असतात. पिल्लांकडे ती बघतही नाही आणि पोट सपाट आहे, म्हणजे गिऱ्हाइकासमोर उभी करायला आणलेली दुसरीच मादी असू शकते. हे सिनेमातलं वाटतं, पण होतं.

आई ‘गावाला आहे’, ‘फार्मवर आहे’, ‘चावते म्हणून बांधून ठेवली आहे’ यातलं काहीही ऐकलं तर मी तिथून निघतो. कान कापलेली किंवा शेपूट छाटलेली पिल्लं ‘स्टाइल’ म्हणून जास्त किमतीला दाखवली तरी निघतो. डॉबरमनचं शेपूट देवाने दिलंय तेवढं असू द्यावं.

५. पिल्लासोबत काय काय मिळालं पाहिजे

ही यादी फोनमध्ये ठेवा आणि पैसे देण्याआधी एकेक बघून घ्या:

– विक्रेत्याच्या नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो
– पक्कं बिल: पिल्लाची जात, लिंग, रंग, जन्मतारीख, चिपचा नंबर, रक्कम, दोघांची नावं-पत्ते
– लसीचं कार्ड, व्हेटच्या सही-शिक्क्यासह
– जंतांचं औषध कधी दिलं त्याच्या तारखा
– मायक्रोचिपचा नंबर
– खाणं आणि निगा याबद्दलची लेखी माहिती
– दुसऱ्या गावाहून पिल्लू येत असेल तर प्रवासाआधी व्हेटने दिलेला आरोग्य दाखला. हा १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनी लागतो
– केसीआय पेपर हवे असतील आणि त्याचे पैसे घेतले असतील तर तेही. ‘नंतर कुरिअर करतो’ म्हणाला तर तेवढी रक्कम नंतर द्या.

चिपबद्दल थोडं सविस्तर. कुत्रं विकताना चिप बसवलेली असावी असं नियम सांगतो. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेमागच्या कातडीखाली असते आणि तिचा १५ आकडी नंबर स्कॅनरवर दिसतो. दोन गोम आहेत. एक, चिपसोबत येणारे बारकोडचे स्टिकर कार्डावर चिकटवलेले असतात पण चिप पिल्लाच्या अंगात नसते. म्हणून स्कॅन करूनच घ्या. स्कॅनर नसेल तर ज्या व्हेटकडे आहे तिथे भेटू म्हणा. दोन, नंबर म्हणजे नाव-पत्ता नव्हे. ज्या नोंदवहीत तो नंबर घातला आहे तिथे तुमचं नाव चढवून घेतलं नाही तर हरवलेलं कुत्रं सापडूनही कुणाचं ते कळणार नाही.

लसीच्या कार्डावर नेहमीची थाप म्हणजे ‘फुल व्हॅक्सिनेटेड’. पन्नास दिवसांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण होऊच शकत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती हळूहळू उतरत जाते आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळा आठवडे होईपर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तेव्हा आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाच्या कार्डावर एक, फार तर दोन नोंदी दिसल्या तर ते बरोबर आहे. रेबीजसकट सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने सह्या दिसल्या तर ते कार्ड दुकानातच भरलेलं आहे. लसीच्या बाटलीचं छोटं लेबल कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, तेही वाचा.

सहा महिन्यांपेक्षा मोठं कुत्रं विकत घेत असाल तर नसबंदी झालेली हवी. नोंदणीकृत ब्रीडरने दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरला विकलं तरच त्यातून सूट आहे.

मांजरांसाठी २०१७ सारखी वेगळी प्रजनन नियमावली नाही. त्यामुळे घरात पर्शियन वाढवणाऱ्याला काही विचारता येत नाही असं लोक समजतात. विकतो म्हटल्यावर पेट शॉपचे नियम लागू होतात, आणि क्रूरतेचा मूळ कायदा तर सगळ्यांनाच.

एक अवांतर. त्याच दुकानात हिरवा पोपट, मुनिया किंवा चांदणी कासव दिसलं तर ते सरळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. ती तक्रार वनविभागाकडे करायची. आणि जो माणूस पडद्यामागे कासव ठेवतो, त्याच्याकडून कुत्र्याचे कागद खरे मिळतील अशी आशा कशाला धरायची?

६. पैसे देताना

इसार देताना पावती घ्या, ‘टोकन’ हा शब्द बोलण्यापुरता. रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेरा लिहायच्या जागी ‘लॅब पिल्लू, चिप क्रमांक अमुक’ असं लिहा. विक्रेता म्हणेल की रोख दिलं तर दोन हजार कमी करतो. ते दोन हजार म्हणजे तुमच्या पुराव्याची किंमत.

ऑनलाइन व्यवहारात एक ठरलेला सापळा आहे. जाहिरातीत पिल्लू ‘मोफत दत्तक’ असतं, मालक परदेशी चाललेला असतो, फक्त पाठवणीचा खर्च भरायचा असतो. तो भरला की फोन येतो, पिल्लू विमानतळावर अडकलंय, इन्शुरन्सचे पैसे भरा, परत मिळतील. मग पिंजऱ्याचे. मग आणखी कशाचे. पिल्लू कुठेच नसतं. असं झालं तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

खरं पिल्लू असलं तरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोक्यात पाठवतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. जाऊन आणा.

जातींवरच्या बंदीबद्दलही इथेच सांगतो, कारण विकणारे तो मुद्दा भाव करायला वापरतात: ‘रॉटवायलर बंद झालाय, म्हणून महाग.’ १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची विक्री आणि प्रजनन थांबवायला सांगितलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. तुमच्या शहराचा किंवा राज्याचा स्वतंत्र नियम असू शकतो, त्यामुळे अशी जात घेणार असाल तर महापालिकेत विचारून घ्या.

७. पहिले ४८ तास

पिल्लू घरी नेण्याआधी, निदान दुसऱ्या दिवशी तरी, तुमच्या व्हेटकडे न्या. विक्रेत्याने सांगितलेल्या व्हेटकडे नको. वय, वजन, ताप, चिप, कातडी, विष्ठेची तपासणी, हे सगळं तारखेसह लिहून घ्या. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लक्षणं दिसायला लागण झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्तही. म्हणजे दुकानात उड्या मारणारं पिल्लू चार दिवसांनी निपचित पडतं. त्या वेळी दुकानदार हमखास म्हणतो, ‘तुमच्याकडे आल्यावर झालं.’ पहिल्या दिवसाचा कागद हातात असेल तर वाद घालता येतो.

उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, त्याच दिवशी दाखवा. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव जुन्या लोकांना माहीत असतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही तपासणी होते. दुर्दैवाने पिल्लू गेलंच तर शवविच्छेदन करून घ्या. त्या क्षणी हे सुचत नाही, नको वाटतं, पण ग्राहक आयोगासमोर त्या अहवालाइतकं काहीच उपयोगी पडत नाही.

८. फसवणूक झालीच तर

दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात.

पैशांसाठी: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. आधी विक्रेत्याला लेखी नोटीस द्या, साधं रजिस्टर पोस्ट चालतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. बिल, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हेटचे कागद जोडा.

विक्रेत्यावर कारवाईसाठी: राज्य प्राणी कल्याण मंडळ, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती. अर्जात ‘दुकान वाईट आहे’ असं लिहू नका. कोणता नियम मोडला ते लिहा: नोंदणी दर्शनी भागात नाही, अमुक तारखेला सहा आठवड्यांचं पिल्लू विकलं, चिप नाही, बिल नाही. फोटोवर तारीख असू द्या. मोघम अर्ज फाइलमध्ये पडून राहतात. मुद्देसूद अर्जावर निदान कुणाला तरी दुकानात जाऊन बघावं लागतं. प्राणी उपाशी, जखमी किंवा कोंडलेले दिसले तर पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

आजारी पिल्लू ‘बदलून देतो’ असं दुकानदार म्हणेल. बदलून घ्यायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण त्याच पिंजऱ्यातलं दुसरं पिल्लूही त्याच पार्व्होतून आलेलं असणार, एवढं लक्षात घ्या.

९. घरी स्थिरावल्यावर महापालिकेचा परवाना

हा वरच्या सगळ्या नोंदण्यांपेक्षा वेगळा आणि तुमच्या नावाचा. मुंबई, पुणे, ठाणे अशा महापालिकांमध्ये कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्याची मुदत संपली की नूतनीकरण. रेबीज लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो तयार ठेवा. शुल्क आणि अर्जाची पद्धत शहरागणिक वेगळी आहे, तुमच्या महापालिकेच्या संकेतस्थळावर बघा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर असल्यामुळे परवान्याचं काम आपोआप त्यानंतर येतं. सोसायटीच्या समितीला लसीच्या कार्डाची आणि परवान्याची प्रत आपणहून देऊन टाका. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलेलं आहे. पण चेअरमनशी पहिली ओळख त्या परिपत्रकाने न झालेली बरी. घर बदललंत तर परवान्यावरचा आणि चिपच्या नोंदीतला पत्ता दोन्हीकडे बदलून घ्या.